मनश्शेच्या नावापुढे

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

बाळ-बाळंतीण सुखरूप, हे वाचून जीव भांड्यात पडला. मुलगा झाल्याची बातमी तू दोन ओळींत उरकलीस आणि बेकरीच्या नव्या भट्टीला मात्र अख्खं पान दिलंस. बापपण अजून अंगात मुरलेलं दिसत नाही!

पण नाव काय ठेवून बसलास? मनश्शे! घरात मूल जन्मलं की पवित्र पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर बाबा त्याचं नाव लिहितात आणि पुढे अर्थ, हे तुला ठाऊक आहे. या हिब्रू नावाचा ‘विसरायला लावणारा’ हा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको. परक्या मुलखात पवित्र पुस्तकातल्या योसेफाने थोरल्या मुलाला हे नाव दिलं, कारण देवाने त्याला सारे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. तीन दिवस बाबा दुरुस्तीची घड्याळं बाजूला सारून पान उघडून बसतात, चष्मा पुसतात, लिहीत काहीच नाहीत. नाव बदल रे शहाण्या.

अजूनही कान पिळू शकणारी,
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कान लाल झाले, पोचपावती देतो.

नाव मुद्दामच ठेवलं. घड्याळजी होणार नाही म्हटल्यावर, जा, हे घर विसर, असं बाबाच म्हणाले होते. मी त्यांचं काहीच ऐकत नाही असं तू म्हणतेस, म्हणून एक तरी आज्ञा पाळली.

पण फजिती बघ. पोराला हाक मारली की बाबांचं टेबल आठवतं, भिंतीवरची बारा घड्याळं आठवतात आणि ती एकदम वाजत नाहीत म्हणून होणारी त्यांची चिडचिडसुद्धा. दिवसातून पन्नासदा हाक मारतो. सहा वर्षांत आठवलं नाही इतकं घर या महिन्यात आठवलं. मला यायचंय गं. पण बाबांनी दारातच तोंड फिरवलं तर सहन व्हायचं नाही. हे त्यांना दाखवू नकोस.

माया आहे तशीच ठेव.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

दाखवू नकोस म्हणालास, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं.

बारा घड्याळांच्या ओळीपाशी बाबा हसले, मग बराच वेळ नाक शिंकरत होते. सर्दी झालीय म्हणे. त्या भांडणाचं काय, असं मी सरळच विचारलं. तर कसलं भांडण, असं त्यांनी उलट मलाच विचारलं! वीस वर्षांपूर्वी कोणत्या गिऱ्हाइकाने कोणतं घड्याळ आणलं, हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनी!

दुपारी ते जरा आडवे झाल्यावर मी पुस्तक उघडलं. ठसठशीत अक्षरात नाव लिहिलंय, मनश्शे. आणि पुढे अर्थाच्या जागी: आजोबा सगळं विसरले.

आता शाई वाळायच्या आत तिघेही या.

वाट पाहणारी,
ताई