तीन कप्प्यांची बॅग

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शिवणकामवाल्या बहिणीचा या वेळी चांगलाच टाका चुकला आहे. संस्थेने माझ्याकडे सांभाळायला दिलेली पिटुकली छान रुळली होती. तिची आई दवाखान्यातून बरी होऊन येईपर्यंत ती माझ्याकडे, हे तुला ठाऊकच आहे. तिची कपड्यांची बॅग पार फाटली होती, म्हणून उरलेल्या निळ्या कापडाची तीन कप्प्यांची नवी शिवली आणि मोठ्या हौसेने तिच्या हातात दिली. पोरीने सगळे कपडे त्यात भरले, बूट घातले आणि दाराशी जाऊन बसली. कधी निघायचं, एवढंच विचारलं. माझ्याआधी दोन घरं तिने अशीच सोडली आहेत.

तेव्हापासून बूट काढत नाही, झोपतेही बूट घालूनच. मला हे जमणार नाही असं वाटतं. संस्थेला तसं कळवू का?

तुझी,
धाकटी

१७ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कळवायचंच तर झालेली चूक कळव. एक टाका चुकला की अख्खा झगा उसवायचा, हा तुझा स्वभाव काही जात नाही. संस्था काय पोर तुझ्या पदरात टाकून मोकळी झाली आहे? दर महिन्याला येतात त्या बाईंना बोलावून घे. तुझ्यासारखी मुलं सांभाळणाऱ्यांची बैठक भरते म्हणालीस, तिथेही जरा तोंड उघड. आणि बुटांसाठी पोरीच्या मागे लागू नकोस.

मी लांबून उपदेश करते आहे. माझी मुलं माझं किती ऐकतात, ते तू पाहिलंच आहेस. पण तुला जमेल, याची मला खात्री आहे.

तुझी,
ताई

८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, पण त्यावर फुशारून जाऊ नकोस. बैठकीत सांगितलं तर सगळे हसले. एका बसचालकाने त्याच्याकडच्या मुलाला वाढदिवसाला चक्क सुटकेस दिली होती म्हणे. मला फार हलकं वाटलं.

मग बाई घरी आल्या आणि पिटुकलीशेजारी जमिनीवरच बसल्या. कायम इथेच राहशील, असं खोटं त्यांनी सांगितलं नाही. आई बरी झाली की तिच्याकडे जायचं, आणि तुला आधी सांगितल्याशिवाय कुठेही न्यायचं नाही, असं म्हणाल्या. पिटुकलीने ते त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मी तिच्यादेखत नवी बॅग उसवली आणि कापडाचं काय करू विचारलं. तिने खिडकीकडे बोट दाखवलं. आता तिथे निळा पडदा आहे, तिच्या हट्टापायी एका कप्प्यासकट.

काल बाई पुन्हा आल्या. घंटा वाजली. पिटुकली अनवाणीच दाराकडे पळाली आणि बाईंना म्हणाली, चपला बाहेरच काढा, फरशी आत्ताच पुसली आहे.

तू कधी येतेस? तुझी झोपायची जागा तिने ठरवून टाकली आहे. लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. जुनी फाटकी बॅग विचारशील, तर ती मागच्या दाराला टांगली आहे. त्यात आता कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. तिनेच भरलेत.