गवताचा कावळा

ता. ९ ऑक्टोबर १९३९

मुंबईहून बोटकंपनीचा इंग्रजी कागद आला. पोस्टमनने वाचला. लढाईत येसाजीची बोट बुडाली, बॉयलरजवळचे सगळे गेले. माझा एकुलता एक मुलगा — तीन ओळींत संपला!

सून मैना रडली नाही. म्हणते, "आत्या, मुडदा कुठं हाय?"

समुद्राला विचार, म्हटलं. माझं तोंड हे असं.

ता. १८ ऑक्टोबर

दहावा. खाडीवर पिंड ठेवला. झाडावर वीसेक कावळे — एक खाली येईना! जो तो हात जोडून शब्द देऊ लागला. तुझ्या पोरीला, गोदूला नीट वाढवू. शेत विकणार न्हाय. जीव गुंतवू नको. कावळे ढिम्म.

मैना म्हणाली, "न्हाय शिवणार. ते हायेत कुठंतरी."

ऊन डोक्यावर आलं. नात भुकेने किरकिरत होती. मीच भटजींना म्हटलं, "करा दर्भाचा कावळा अन् उरका." त्यांनी गवताला गाठ मारली, चोच काढली, पिंडाला टेकवली. झालं!

मागे वळून बघायचं नसतं. मी बघितलं. कावळे तिथेच बसलेले. आमच्याकडेच बघत होते.

ता. ३ नोव्हेंबर

आज पुन्हा त्याचं ताट वाढलं. मैनाने बघितलं. मग मीच ते कुत्र्याला घातलं.

ता. २६ नोव्हेंबर

मैनाचा बाप चांगदेव आला. बोर्लीच्या गुणाजीची बायको वारलीय, तो मैनाशी पाट लावायला तयार आहे.

मैना म्हणाली, "माझा नवरा जित्ता हाय. कावळा शिवला का?"

"जित्ता माणूस कागद धाडतो, कावळे न्हाय!" म्हटलं मी. तोंड पांढरं पडलं तिचं.

मला काय हौस आहे? बावीस वर्षांची पोर. मी गेल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघणार?

खरं लिहू? मलाही तो दाराशी उभा असल्यासारखा वाटतो. रोज. म्हणूनच घाई.

ता. २१ डिसेंबर

पाट लागला. गोदू आमच्या घरची, ती इथेच राहिली. मैना जाताना माझ्या पाया पडली नाही. बरं केलं.

ता. ३० डिसेंबर

भर दुपारी अंगणात येसाजी. डोकं भादरलेलं, एक हात भाजून आखडलेला.

"आये," म्हणाला.

मी आधी पावलं बघितली. सरळ होती.

"अशी काय बघतेस? मैना कुठं हाय?"