तिसऱ्या फटक्यानंतर

२० नोव्हेंबर १९६७, सोमवार

१. तिसरा तास. अकरावी अ, गणित. नव्या शिक्षिकेने पहिले वर्ष जुन्यांच्या तासाला वही घेऊन मागे बसायचे, ही शाळेची पद्धत. मी शेवटच्या बाकावर.
२. गणिताच्या सरांनी फळ्यावर क्ष² = ५क्ष लिहिले. दोन्ही बाजूंना क्षने भागले. उत्तर ५.
३. सिंधू उभी राहिली. "सर, शून्य पण उत्तर येते. भागलं तर ते जाते."
४. सर म्हणाले, "आता तुमच्याकडून गणित शिकायचं तेवढं राहिलं होतं." तुमच्याकडून म्हणजे कोणत्या जातीकडून, ते वर्गाला कळले. दोन मुले हसली. ती बसली नाही.
५. फळ्यावर वर्तुळ काढायचा लाकडी कंपास. पहिला फटका खांद्यावर. दुसरा मनगटावर, तिने हात वर घेतला होता. तिसरा डाव्या कानावर, लोखंडी टोकाच्या बाजूने.
६. रक्त कानातून. मग वेणीवर, वहीवर.
७. मी तिसऱ्या फटक्यानंतर उठले.

२१, मंगळवार

सरकारी दवाखाना. कानाचा पडदा फाटला आहे. डॉक्टर म्हणाले, भरेल. पूर्ण ऐकू येईलच असे नाही.

सिंधू म्हणाली, "बाई, ह्या कानात शिट्टी वाजून राहिली." थोड्या वेळाने, "फॉर्म पाठवतील ना?"

मॅट्रिकचा फॉर्म. शाळेच्या सहीशिवाय जात नाही, मुदत ३० तारीख. तिच्या घरातून मॅट्रिकला बसणारी ती पहिलीच. मी हो म्हटले. कशाच्या आधारावर, माहीत नाही.

काल जे लिहिले नाही ते. हीच चूक सरांनी शुक्रवारीही केली होती. मी वहीत टिपली, त्यांना सांगितली नाही. मला अजून कायम व्हायचे आहे. शनिवारी सिंधू तीच शंका घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा मी म्हणाले, "बरोबर आहे तुझे. वर्गात विचार, सगळ्यांना फायदा होईल."

सगळ्यांना.

२२, बुधवार

सव्वापाच. शाळेचे फाटक. सिंधूचा मोठा भाऊ किसन, गिरणीत कामाला. सरांना सायकलवरून खाली ओढले. हातात चेन.

"काहून मारलं गा तिले? मास्तर हायेस ना? समजावून सांग."

सर काहीतरी सांगत होते. पुढचे दात गेल्याने शब्द नीट येत नव्हते. मग किसनने त्यांचा उजवा हात पायरीवर ठेवला आणि टाच मारली. दोन बोटे. आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला. खडू मोडल्यासारखा, जरा जाड.

मी व्हरांड्यातून मोजले. चेनचे सात. खाली गेले नाही. चौथ्याच्या सुमारास बरे वाटले. हे इथेच राहू दे.

२३, गुरुवार

किसन कोठडीत.

हेडमास्तरांनी बोलावले. टाइप केलेला कागद पुढे सरकवला: मुलगी उद्धटपणे बोलली, वळताना बाकाच्या कडेवर पडली, भावाने विनाकारण हल्ला केला. खाली माझे नाव, सहीची जागा मोकळी. जानेवारीपासून मला कायम करणार आहेत, हेही जाता जाता सांगितले.

मी म्हटले, मी पाहिले आहे. ते हसले.

"तुम्ही तर मान खाली घालून वहीत लिहून राहिल्या होत्या. दिसणार कसं?"

सिंधूचे नाव पटावरून काढणार. फॉर्म जाणार नाही. मी नाही म्हणाले नाही. वाचून बघते, असे सांगून कागद घरी आणला.

२५, शनिवार

सिंधू खोलीवर आली. कानात कापूस. डावीकडून बोलले की पूर्ण वळते.

किसनला तळपायांवर पट्ट्याने मारले आहे. भिंत धरूनही उभे राहता येत नाही. पोरगी पडली असे लिहून द्या, पोरगा सुटेल, असा निरोप आईला आला. आई अंगठा द्यायला तयार आहे. सिंधू आडवी आली म्हणून आईने तिला थोबाडीत मारली. उजव्या बाजूला, तेवढे पाहून मारली.

मी म्हटले, सोमवारपर्यंत थांब, मला विचार करू दे.

"तुम्ही म्हणलं तवा मी बोलली, बाई. तुम्ही कधी बोलसान?"

आवाज चढवला नाही. चहा तसाच ठेवून गेली.

२७, सोमवार

हेडमास्तरांच्या हातात दिलेल्या पत्राची नक्कल:

'टाइप केलेल्या निवेदनावर मी सही करणार नाही. माझे निवेदन सोबत जोडले आहे. २२ तारखेची मारहाणही मी पाहिली. तीही त्यात आहे. सरांची चूक मला आधीपासून माहीत होती. ती वर्गात विचारायला विद्यार्थिनीला मी सांगितले. हा शिस्तभंग असेल तर तो माझा आहे, तिचा नाही.

सिंधूचा फॉर्म शाळेच्या सहीने जाणार की नाही, हे बुधवार, २९ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मला लेखी कळवावे.'