लाकडात कोरलेलं घर

बा, आज शाळेत तुझी आठवण निघाली. सातवीच्या मुलींना मी जुन्या अमेरिकन मासिकांतली चित्रं दाखवत होते. दीडशे वर्षांपूर्वी ती लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून छापत. कोरून काढलं ते पांढरं उमटे, उरलं ते काळं. एका चित्रात सगळं घर जेवायला बसलंय, बाप मांडीवरच्या लेकराला भरवतोय. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा मारत नाही का?" वर्ग हसला. मला हसता आलं नाही.

तशाच चित्राचं एक पान तू चुलीत घातलं होतंस. मी तेरा वर्षांची होते. आमच्या चित्रकलेच्या सरांना भंडाऱ्याला रद्दीत तसल्याच एका मासिकाचा फाटका अंक सापडला होता, त्यातलं पान त्यांनी मला बक्षीस दिलं. मी ते भाताच्या पेजेनं चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं. दुपारी तू तलावावरून आलास. मासळी मिळाली नव्हती, दारू मिळाली होती.

"हे कोनाचं घर होय?"

"राहू द्या ना जी," माय म्हणाली. "पोरीले बक्षीस भेटलं."

"बाप कसा असावा, ते मले शिकवून राहिली का?"

पान ओरबाडून तू चुलीत टाकलंस आणि तिथलंच जळतं लाकूड ओढून मायच्या पाठीवर हाणलंस. पुन्हा हाणलंस. ती भिंतीकडे सरकते आहे, तू केस धरून तिला मागे ओढतो आहेस, लुगडं जळल्याचा वास सुटला आहे. मी मासे कापायचा सुरा उचलला.

तुझा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. तू माझ्याकडे पाहत राहिलास. भाजल्या पाठीनं मायनंच पदर फाडून तुझा हात बांधला. दवाखान्यात तू म्हणालास, "तार लागली जी, जाळं ओढता ओढता." डॉक्टरीणबाईंनी मायची पाठ पाहिली. माय म्हणाली, "चुलीवर पडली."

त्यानंतर तू तिला कधी मारलं नाहीस. तुझी दोन बोटं वळेनात, जाळं फेकता येईना. माय आणि मी पाण्यात उतरायचो, तू काठावर बसायचास. तू मरेपर्यंत आपण त्या दुपारबद्दल एक शब्द बोललो नाही.

माय अजून म्हणते, "तू मले वाचवलं." मी ऐकून घेते. पण तुला ठाऊक आहे, बा. तू हात मध्ये घातलास म्हणून सुरा हातावर बसला. मी तुझ्या मानेवर उगारला होता. माय आता वाचायला शिकली आहे, म्हणून हा कागद घरी ठेवणार नाही.