निरोगी गटातला नमुना

२ जानेवारी, मंगळवार. सकाळी ६.
आजपासून रोज लिहिणार. शुद्ध मराठीत. पुण्याचे पाहुणे आमची तंजावरी मराठी ऐकून हसले होते. ते हे वाचणार नाहीत, तरीही.
दुसरा संकल्प: रोज चार किलोमीटर चालणं. आज गार वाटलं. उद्यापासून.
बायकोला, पंकजाला, लेकीकडे कोइमतूरला जाऊन अकरा महिने झाले. बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून गेली होती. मला काही अडचण नाही. उलट वेळ मिळतो.

९ जानेवारी
मोठी बातमी. नुकतंच एका आरोग्य शिबिरात रक्त दिलं होतं, त्यातून एका संशोधनासाठी माझी निवड झाली! चेन्नईहून सौम्या नावाच्या मुलीचा फोन आला. पीएचडी करते. तमिळमध्ये छान समजावलं. एकेका पेशीत दोन मीटर डीएनए कोंबलेला असतो. पण कसाही नाही. त्याच्या घड्या, वेढे ठरलेले असतात. धाग्यावर लांब लांब असलेली जनुकं घडीमुळे शेजारी येतात नि कामाला लागतात. आजारात या घड्या बदलतात, कधी कधी लक्षणं दिसायच्या आधीच. रक्तातल्या घड्या बघून संधिवात आधी ओळखता येईल का, हा तिचा विषय.
मी निरोगी गटात. नमुना क्रमांक ११२. तीस वर्षं कॉलेजात कॉमर्स शिकवलं, पण खरी गरज सायन्सला होती.
दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकरा वाजता ती प्रकृती विचारणार.

६ फेब्रुवारी
फोन आला. बोटं आखडतात? नाही. सूज? नाही. ताप? नाही. थँक यू सर. एक मिनिट चाळीस सेकंद.
मी शर्टाला इस्त्री केली होती.
प्रश्नावलीतच दोष आहे. निरोगी माणसाला विचारायला त्यात काही नाही.

५ मार्च
उजवं बोट जरा आखडतं म्हटलं. खोटं नाही. या वयात कुणाचं आखडत नाही? लगेच तिचा आवाज बदलला. कुठलं बोट, किती वेळ, सकाळीच का? बावीस मिनिटं! शेवटी "सर, वेळेवर जेवता ना?" असंही विचारलं. ते प्रश्नावलीत नसावं.
मग आमच्याकडची अंबट भाजी केली, चिंच घालून. अंदाज चुकला, दोघांची झाली.

२ एप्रिल
आता दोन्ही हात. सकाळी तासभर मूठ मिटत नाही. थोडी सूजही. एक्कावन्न मिनिटं. विज्ञानाला तपशील लागतो.
तिचं आजोळ साक्कोट्टैला, आमच्या गावाला लागूनच! म्हणजे शेजारचीच. म्हटलं, घरी ये. येते म्हणाली, पुन्हा रक्तही घ्यायचंय.
चालणं: पट्टीश्वरमच्या देवळात जाऊन आलो. बसने. स्टॉपपर्यंत चाललो ते धरावं.

१३ एप्रिल
आली. रक्त घेतलं. मी कॉफी केली. बोटं आखडल्यासारखी दिसावीत म्हणून कॉफीचा डबरा, ती पसरट वाटी, दोन हातांनी धरला.
ती म्हणाली, "सर, शिबिरातल्या रक्तात तुमच्या घड्या अगदी निरोगी होत्या. आता आजार सुरू होत असेल तर बदल होतानाच आपण पकडू. अशी संधी चार वर्षांत मला मिळाली नव्हती." डोळे चमकत होते पोरीचे.
खरं काय ते सांगणारच होतो. तेवढ्यात तिने आणखी एक कप मागितला.

७ मे
अकरा. साडेअकरा. फोन बंद करून चालू केला. नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार.

१० मे
नेटवर्कचा नव्हता. रक्तातल्या घड्या होत्या तशाच निघाल्या, सुजेची तपासणीही नॉर्मल. म्हणून तिने घरच्या माणसाला विचारलं. फॉर्मवर पंकजाचा नंबर मीच दिला होता. पंकजा म्हणाली म्हणे, "अय्यो, बोटं आखडतात? पहाटे पाचपासून चाळीस गुड मॉर्निंग पाठवतात ते!"
संध्याकाळी सौम्याचा फोन. रागावली नाही. ते जास्त लागलं.
"सर, तीन आठवडे मी फक्त तुमच्या नमुन्यावर काम केलं."
म्हटलं, "बोलावंसं वाटत होतं."
ती म्हणाली, "तसं सांगायचं होतं सर. तसाही केला असता फोन."
नऊ मिनिटं. त्यातली सहा तरी गप्पच गेली.

४ जून, मंगळवार
पत्र आलं. क्रमांक ११२ अभ्यासातून वगळला आहे. निरोगी गटातही नाही, आजारी गटातही नाही. खाली सौम्याची सही. शेरा काही नाही.
अकरा वाजता मीच पंकजाला फोन लावला. मागे नातू रडत होता. तिने विचारलं, काय हवंय? किल्ल्या सापडत नाहीत का? म्हटलं, "किल्ल्या आहेत. करमत नाही गं मला. ये ना परत."
ती म्हणाली, "हेही त्या पोरीला सांगितलंत तसलंच ना?"
आणि नातवाला भरवायचंय म्हणून फोन ठेवला.