जोड शाबूत!

११ एप्रिल
आष्टी तालुक्यातल्या छोट्या ट्रॅक्टरवाल्यांनो! एक नाली खोदायची तर मोठ्या मशीनवाल्यापुढे किती हात जोडायचे? तो फोन उचलत नाही. उचलला तर "परवा येतो" म्हणतो, आणि त्याचा परवा पावसाळ्यात उगवतो.
(झकास. सभेत वापरणे.)
आजपासून मी स्वतंत्र. ट्रॅक्टरमागे टांगायचे खोदाईयंत्र आणले, बॅकहो. जुनी विहीर आटली. मोहिनीच्या बागेत संत्र्याचा आंबिया बहार गळतो आहे. नव्या विहिरीपासून बागेपर्यंत पाइपाची नाली चार दिवसांत. फार तर पाच.

१२ एप्रिल
बॅकहोच्या दुकानदाराचा फोन. म्हणे, नुसत्या मागच्या जोडावर टांगू नका, ट्रॅक्टरखालून लोखंडी चौकट घ्या, धक्के ती झेलेल. म्हणजे आधी हात विकायचा, मग खांदा! बाजाराची ही चाल मी वीस वर्षे भाषणांतून फोडतो आहे. फोन ठेवला.

१३ एप्रिल
मुरूम लागला. बॅकहो दर धक्क्याला डावी-उजवीकडे झुलतो. मोहिनीने बांधावरून विचारले, खोदून राह्यले का पाळणा हालवून राह्यले? विनोद सामान्य.
दुपारी पुन्हा: ते चौकट काऊन नाई आणली? बाजारपेठेची गुलामी म्हणजे काय, हे बायकोला सविस्तर समजावले. मुद्दा तिसरा चालू असताना ती गळलेली फळे वेचायला गेली. अशाने क्रांती होत नसते.

१५ एप्रिल
मूलभूत शोध. जे हलते तेच मोडते. मग हलूच द्यायचे नाही!
कैलास वेल्डरला बोलावून जुन्या वखराची पास, ती जाड लोखंडी पट्टी, जोडावर आडवी मारून घेतली. बॅकहो आणि ट्रॅक्टर आता एकजीव. कैलास म्हणाला, भाऊ, आता हे मेल्यावरच सुटन. जाणकाराची दाद.

१७ एप्रिल, स. १०
पूर्ण जोर लावला. कडाड! उतरून आधी जोड पाहिला. शाबूत! केसाएवढा तडा नाही. दुकानदार तोंडावर आपटला.

स. १०.३०
ट्रॅक्टर फाटला. मागच्या चाकांमधले बिडाचे घर उभे चिरले, तेल मुरमात. ट्रॅक्टरच तकलादू. माझा सिद्धांत अबाधित.
मोहिनीने ट्रॅक्टरकडे पाठ फिरवली आणि टिकास शोधायला गेली. टाळ्यांविना सभा सोसली आहे, हे सोसत नाही.

१८ एप्रिल
मोहिनी पहाटेपासून टिकास घेऊन नालीत. मुरमाचे स्वरूप समजावण्यास गेलो. म्हणाली, आंबिया गळून राह्यला, भाषण राहू द्या, टोपलं उचला. उचलले. दुपारपर्यंत तिची नाली बॅकहोच्या खड्ड्यापुढे गेली. पण दोघांच्याने बागेपर्यंत पोचेस्तोवर झाडावर काही उरणार नाही.
संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून बोललो. प्रस्तावना तिने कापली. सिद्धांतही कापला. उरले ते एवढेच:
गावकऱ्यांनो, उद्या सकाळी आपापले टिकास घेऊन मोहिनीच्या बागेत या.