गळका बांध

२९ सप्टेंबर

बांध उभा राहिला! लांबी साडेअकरा मीटर, उंची गुडघ्याच्या वर. बाभळीचे मेढे, त्यांत विणलेल्या फांद्या, तळाला दगड, वरून चिखल. सिमेंट — शून्य! तीस वर्षे कराडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना उंदराच्या कुळातला, झाडे पाडून ओढ्यावर बांध घालणारा बीव्हर फळ्यावर काढला, लोहामुळे नारिंगी झालेले त्याचे दात रंगवले. त्याची विद्या स्वतःच्या हातांनी करून पाहिली ती आज, आटपाडीकडच्या माझ्या माहेरच्या ओढ्यावर.

मेढे ठोकले मेंढपाळ केरबाअण्णांनी.

"केवढा म्हनं त्यो उंदीर?"

"वजनाला वर्षाच्या बोकडाएवढा."

"आन् मुकादम?"

"नसतो."

"मग काम व्हतंय कसं?"

३ ऑक्टोबर

ओढ्याला पाणी आले. बांध टिकला! सरपंच विश्वजित काठावर उभे — "म्याडम, गळतंय की वो!" त्यांना सावकाश समजावले : बीव्हरचा बांधही पाझरतो. तो पाणी कोंडत नाही, रेंगाळायला लावतो. थांबलेले पाणी जमिनीत मुरते. त्यांनी मान हलवली, पण अट घातली. १५ नोव्हेंबरच्या ग्रामसभेपर्यंत बांधामागे साचलेला डोह टिकला, तर ओढ्यावर असे आणखी बारा बांध. नाहीतर पोकलेन लावून ओढा सरळ आणि खोल. सरळ ओढा म्हणजे पाण्याला पळवाट! मी अट मान्य केली.

११ ऑक्टोबर

डोह ६८ सेंटिमीटर. दुरुस्ती : नाही.

१९ ऑक्टोबर

डोह ६६. दुरुस्ती : नाही! खालच्या विहिरीची आणखी एक पायरी पाण्याखाली गेली.

केरबाअण्णांना बीव्हरचा इतिहास सांगितला. युरोपात त्याच्या केसांच्या टोप्या करीत. त्यापायी तो जवळजवळ संपवला. बांध फुटले, ओढे धावत सुटले आणि स्वतःचेच पात्र खणत खोल गेले. आता तीच माणसे त्याला पिंजऱ्यात घालून सन्मानाने परत आणतात.

"टोपीपायी?" अण्णांनी डोक्याचा पटका चाचपला. "लय येडी मानसं!"

६ नोव्हेंबर

रोज दहाला मोजमाप घेते. आज सहालाच गेले. डोहात कोणीतरी वाकलेले. केरबाअण्णांच्या पत्नी शालूबाई! एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने जेमतेम दिसते. कान बांधाला लावलेला, मुठीत गवत आणि चिखल.

"पाझर गप असतोय, बाई. भोक बोलतंय. बोललं की बुजवायचं."

वाहत्या पाण्याचा नुसता आवाज ध्वनिवर्धकावर लावला, तर बीव्हर त्या ध्वनिवर्धकावरही चिखल थापतो — हा प्रयोग मी किती वर्गांना सांगितला असेल!

"कधीपासून करताय?"

"पयल्या पान्यापासनं. मेंढरं पाजायला येतोयच की."

"मला सांगितले का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाई. आन् वहीत लिवताना लय खूष दिसायचा."

चौतीस नोंदी. चौतीस वेळा 'दुरुस्ती : नाही'. सगळ्या खोट्या! ग्रामसभेपुढे ठेवायला माझ्याकडे या वहीखेरीज काही नाही. खरे सांगावे, तर पोकलेन. लपवावे, तर शालूबाई माझ्या शास्त्रातून वगळल्या जातात.

१५ नोव्हेंबर

सांगितले. वही उघडून प्रत्येक नोंद दुरुस्त करून वाचली.

पंच नानासो उसळले : "म्हंजी ह्यो बांध न्हवंच! ह्यी तर म्हातारी हाय!"

सभा हसली. मी हसू ओसरू दिले. म्हटले, "अगदी बरोबर. बीव्हर बांध घालून निघून जात नाही. त्याचे कुटुंब तिथेच राहते, गेल्या वर्षीची पोरेही हाताखाली राबतात. बीव्हर गेला की बांध फार टिकत नाही. मी तुमच्याकडे बारा बांध मागितले, ते चुकले. बारा घरे मागायला हवी होती. रोज सकाळी अर्धा तास."

मग बचत गटातली क्रांती नावाची बाई उभी राहिली. "आमचं घर लिवा." मागून एक हात, आणखी दोन. मोजले — नऊ!

विश्वजित म्हणाले, "नऊ तर नऊ. पोकलेनला न्हाई म्हनून कळवा."

शालूबाईंना पुढे बोलावले. त्या पदर ओढून जागीच बसल्या. "आवं, निस्ता चिखल तर थापलाय!" तीस वर्षांत किती गुणवंत मंचावर नेले, माझी मान एवढी ताठ कधी झाली नव्हती.

१८ नोव्हेंबर

केरबाअण्णांची मेंढरे पहाटे कोकणाच्या वाटेला लागली, शालूबाई बरोबर. दरवर्षीच जातात, जूनला परततात. नऊ घरे नव्या बांधांना वाटली. या पहिल्याला कोणीच नाही.

भावाला कराडला फोन केला : माझे तिथले घर भाड्याने दे, रोज सकाळी मला इथे अर्धा तास काम आहे.